सल्ला लाइनवरचा आल्हाद

पंचवटी, नाशिक
१० ऑक्टोबर २००४

चि. आल्हाद,

आशीर्वाद लिहावेत की चार शिव्या, ह्या विचारात चहा गार झाला. दोन्ही राहू देते आणि कामाचं लिहिते. मेल न करता पत्र का, तर मेल तू उघडतोस की नाही ते मला इथे कळत नाही. पाकीट निदान फाडावं तरी लागतं.

मशीन गेलं. शरणपूर रोडच्या खोलीतला, सल्ला लाइनचे फोन उचलणारा कॉम्प्युटर. डिस्कच उडाली, आणि तीही ऐन छाटणीत. दिंडोरीचे द्राक्षवाले सकाळी उठून नंबर फिरवतात आणि पलीकडे नुसती रिंग वाजत राहते. द्राक्ष बागायतदार संघाचे निवृत्तीभाऊ रोज खोलीवर येऊन बसतात. पूर्वी औषध कुठलं मारायचं ते सांगायला यायचे आणि मी रेकॉर्ड करायचे. आता नुसते मशीनकडे बघत बसतात, माझ्या जिवाला घोर.

नवं मशीन आणलंय, त्यावर रेड हॅट लिनक्स आहे. तुझं ते स्लॅकवेअर इथे आता कुणी ओळखत नाही. तूच शिकवलं होतंस ना, मशीन चालू केलं की सगळ्यांच्या आधी इनिट नावाचा प्रोग्राम उठतो आणि मग बाकीच्या सेवा एकेक करून उठवतो, आपल्याकडे आई उठवायची तसं. पण ह्या घरात उठवायची रीतच निराळी. स्लॅकवेअरमध्ये फाईलला चालायची परवानगी दिली की सेवा उठायची, काढून घेतली की झोपायची. इथे एस आणि के लावलेल्या फायलींची रांगच्या रांग. एसवाल्याला उठवायचं, केवाल्याला झोपवायचं. तेही रडतखडत कळलं. फोन उचलणारा प्रोग्राम मात्र उठत नाही तो नाहीच. इनिट वाचतो त्या इनिटटॅब फाईलमधली तुझी ओळ मी जशीच्या तशी उतरवली आहे, 'मेला तर पुन्हा उठव' ह्या हुकमासकट. तरी ढिम्म.

तुझा आवाज सीडीवर होता, तो वाचला. 'नमस्कार, मी आल्हाद बोलतोय. आजचा द्राक्ष सल्ला ऐकण्यासाठी एक दाबा.' निवृत्तीभाऊ म्हणतात, "ताई, आता तुमचाच आवाज टाका की. तो गडी तर गेला बंगलोरला." मी म्हटलं, बघू.

काय करायचं ते कळव. फक्त तेवढंच कळवलंस तरी चालेल.

आई बरी आहे. तुझं नाव काढत नाही. परवा जेवताना मात्र मध्येच म्हणाली, "तुमचं ते मशीन बंद आहे का गं?" खोलीवर ती कधी येत नाही. तिला कुणी सांगितलं कोण जाणे.

ताई


२६ ऑक्टोबर २००४

चि. आल्हाद,

मिळाली मेल. तीन ओळी, त्यात एक तुझं नाव. तार करणारेसुद्धा शब्द जपून वापरायचे, पण ते पैसे लागायचे म्हणून.

पण काम झालं. स्लॅकवेअर तिसऱ्या पातळीवर सुरू व्हायचं आणि तू ओळीत तीनच लिहून ठेवला होतास. रेड हॅट चित्रांचा पडदा घेऊन पाचव्या पातळीवर उठतं. म्हणजे बिचारा इनिट ती ओळ रोज वाचत होता आणि 'आपण तर पाचवर आहोत, हे आपलं काम नव्हे' म्हणून पुढे जात होता. तीनच्या पुढे पाच लिहिला आणि लगेच पहिल्याच रिंगला मशीनने फोन उचलला. मी चाचणीला खोलीतल्या दुसऱ्या फोनवरून नंबर फिरवला होता. तू 'नमस्कार' म्हणालास, आणि मला एकदम रडू आलं. निवृत्तीभाऊ समोर होते. सर्दी झालीय म्हणून सांगितलं.

आता लिहायला बसलेच आहे तर बोलते. आल्हाद, त्या दिवशी आईचं चुकलं, आणि तुझंही चुकलं. आपल्या घराने पिढ्यान् पिढ्या रामकुंडावर बसून दुसऱ्यांच्या बापांना पिंड देववले. अण्णांनी अख्खं आयुष्य त्यात काढलं. आणि त्यांच्याच वर्षश्राद्धाला, गुरुजी पाटावर, पिंड ताटात, सगळे नातेवाईक बसलेले, आणि तू म्हणालास, 'माझा विश्वास नाही, मी खोटं करणार नाही.' खरं होतं तुझं. मला ठाऊक आहे. पण खरं बोलायला तुला तोच पाट सापडला. आई म्हणाली, "मग माझंही करू नकोस. मी मेले तरी ह्या दारात येऊ नकोस." तिला वाटलं तू संध्याकाळपर्यंत परत येशील. तुला वाटलं ती स्टेशनवर माणूस पाठवील. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आपल्याच घराकडे बघून म्हणत असतील.

ताई


१८ नोव्हेंबर २००६

चि. आल्हाद,

इकडे लोडशेडिंगने जीव नकोसा केलाय. बॅटरी दमते आणि मशीन मधेच बसतं. परवाही बसलं आणि वीज आल्यावर आपलं आपण उठलं. तुझं 'नमस्कार' ठणठणीत. मी निर्धास्त.

आणि दुसऱ्या दिवशी निवृत्तीभाऊ दारात, तोंड हे एवढं. "ताई, लय दव पडलंय इकडं, अन् मशीन मागल्या आठवड्याचंच गाणं गातंय. फवारणीची गरज नाय म्हणे. डावणीचा रोग आला ना बागंवर." झालं होतं असं, की रोजचा नवा सल्ला लाइनवर चढवणारा जो दुसरा छोटा प्रोग्राम आहे, तो मी मागे हाताने चालू केला होता. चालू झाला, मी खूश. मशीन उठेल तेव्हा त्यालाही उठव, हे इनिटला सांगायचंच राहिलं. ह्या रेड हॅटमध्ये आत्ता चालू करायचा हुकूम वेगळा आणि दर वेळी चालू करायचा वेगळा. मशीन बसेपर्यंत कुणाला कळणार? जुन्या घरात तू परवानगी देऊन ठेवायचास आणि विषय संपायचा.

ते मी निस्तरलं, तुला विचारलं नाही. त्या माणसांच्या बागा मात्र गेल्या. निवृत्तीभाऊ मला एक वाकडा शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

आईला ऑगस्टमध्ये छोटा झटका येऊन गेला. तेव्हा कळवलं नाही, कारण तू विचारलं नव्हतंस. उजवा हात जरा ओढतो. विसरते. सकाळी चहा घेतल्यावर पुन्हा चहा मागते. धुण्याभांड्याला येणाऱ्या कमळाबाई आता दिवसभर थांबतात.

ताई


२१ जानेवारी २००७

चि. आल्हाद,

तुझ्यापासून एक गोष्ट लपवून ठेवली होती. आज सांगते, कारण तुझ्या मेलमध्ये पुन्हा नुसती बॅटरीची नावं आहेत. बहिणीने आईला झटका आला लिहावं आणि भावाने बॅटरी सुचवावी. उंटावरून शेळ्या हाकतोस तू.

आई रोज तुला फोन करते.

म्हणजे सल्ला लाइनला. दुपारचं जेवण झालं की पदराला हात पुसते, फोनपाशी बसते आणि नंबर फिरवते. तू गेलास त्याच वर्षी कधीतरी सुरू झालं असावं. मशीन बंद असल्याचं तिला कुणी सांगितलं होतं ते आता कळलं ना? मी तिला पहिल्यांदा पकडलं तेव्हा ओशाळली आणि म्हणाली, "द्राक्षाचा काय भाव आहे बघत होते." आपल्या घरात द्राक्षाची वेल तर सोड, कुंडी नाही.

झटक्यानंतर तिची लाज गेली. आधी तर ती तुझ्याशी बोलायची. तू 'नमस्कार' म्हणालास की ही म्हणायची, "अरे जेवलास का? खोकला गेला का?" आणि तू आपला 'एक दाबा.' ती पुन्हा विचारायची, तू पुन्हा तेच. मग चिडायची, रडायची, "हा माझं ऐकूनच घेत नाही" म्हणायची. ते बघवेना. मी रोज समजावलं, आई, ते मशीन आहे, त्याला ऐकू जात नाही, तू बोलू नकोस, नुसतं ऐक आणि ठेवून दे. महिनाभर लागला. आता शिकली आहे. ती एक दाबत नाही, तेव्हा मशीन तेच दोनदा म्हणतं आणि गप्प होतं. दोन्ही वेळा ऐकते, मग अलगद फोन ठेवते, बाळ निजलेलं असताना दार लोटतात तसा. दिवसभर शांत असते मग. शेजारच्या लंकाबाईंना सांगते, "आमच्या आल्हादचा रोज फोन असतो."

निवृत्तीभाऊ पुन्हा आवाज बदला म्हणतात तेव्हा मी काहीतरी थाप मारते. मध्ये एकदा तुझा इतका राग आला की प्रोग्राम मारून टाकला. इनिटने लगेच पुन्हा उठवला. पुन्हा मारला, पुन्हा उठला. म्हटलं बाबा, तू तिथे तरी उठवणाऱ्या आईचं ऐकतोस.

तर आता माझी मागणी. बॅटरी मी घेईन. तू घरी फोन कर. माफी नको, पिंड नको, काही नको. दुपारी जेवणानंतर कर आणि 'आई' म्हण. मशीनमध्ये तू तिला कधी आई म्हणत नाहीस.

ताई


२० सप्टेंबर २००८

चि. आल्हाद,

पावणेदोन वर्षं झाली. तू फोन केला नाहीस, मी पत्र लिहिलं नाही. दोघंही एकाच खाणीतली माती.

आज नाइलाज म्हणून लिहिते. रेड हॅटचं मशीन जळलं. विजेचा झटका. पितृपक्ष चालू आहे, गंगेवर, रामकुंडाला, पाय ठेवायला जागा नाही, अख्खा देश आपल्या बापांसाठी आलाय, आणि दुकानदार म्हणतो, आता उबुंटू घ्या, सगळे तेच घेतात. घेतलं. इनिटटॅब उघडायला गेले तर फाईलच नाही. मला वाटलं मीच चुकून उडवली. मग वाचलं, इथे इनिटच्या घरात अपस्टार्ट नावाची सून आली आहे आणि तिने सासूचं ते बाड फेकून दिलंय. मी माझ्या हाताने फाईल करून तुझी ओळ लिहिली, तीनसकट, पाचसकट. कुणी वाचतच नाही. मशीनही इथे दोनच्या पातळीवर उठतं म्हणे.

द्राक्षवाल्यांना अजून अवकाश आहे, छाटणी पुढच्या महिन्यात. घाई त्यांची नाही.

आई दुपारी नंबर फिरवते. रिंग वाजत राहते. ती फोन ठेवत नाही, कानाला धरून तशीच बसते. कमळाबाई हातातून काढून घेतात तेव्हा म्हणते, "उचलेल ना, जेवत असेल." काल तिने जेवण सोडलं. डॉक्टर म्हणतात वय झालं, हृदय थकलंय, जपा. कसं जपू? मी तुझा आवाज सीडीप्लेअरवर लावून बघितला. तिने बटण दाबून बंद केला. म्हणाली, "फोनवर बोलू दे त्याला."

लवकर सांग काय करायचं.

ताई


२ ऑक्टोबर २००८

चि. आल्हाद,

तू पाठवलेली छोटी फाईल तिच्या जागेवर ठेवली आणि लाइन उठली. काय गंमत आहे, ह्या नव्या रीतीत सगळं सरळ शब्दांत लिहिलंय, दुसऱ्या पातळीवर आलं की सुरू कर, मेला तर पुन्हा उठव, आणि हा प्रोग्राम चालव. तिसरं घर, तिसरी रीत, आणि तू तिन्हीकडे तोच.

त्या दुपारी आईने दोन्ही वेळा ऐकलं आणि अलगद फोन ठेवला. मग वरणभात मागितला.

पण मी ते सांगायला लिहीत नाही. तुझ्या मेलच्या तळाशी, सगळ्या सूचना संपल्यावर, एक ओळ होती. 'आई कशी आहे?' पाच वर्षांत पहिल्यांदा. मी ती इतक्या वेळा वाचली की कमळाबाईंनी विचारलं, ताई, काही वाईट आहे का.

आई बरी नाही, आल्हाद. दिवाळी बघेल, पुढचं कुणी सांगत नाही. भांडण तिच्या लक्षात आहे की नाही तेही मला माहीत नाही. तू येशील तर आजच गाडीत बस. यायचं धाडस होत नसेल तर फोन तरी कर. दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी मुद्दाम दिंडोरीला जाते, संघाची सभा आहे. मी मध्ये नको. घरी फक्त आई आणि कमळाबाई असतील. जेवणानंतर कर. फोन आईच घेते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

एवढं कर रे बाळा.

ताई


३ डिसेंबर २००८

आल्हाद,

आई गेली त्या दिवशी तुझा मोबाईल लागला नाही. मेल केली. तू आला नाहीस. अग्नी मी दिला. दहाव्याला रामकुंडावर गुरुजी जरा कुरकुरले, मुलगा असताना मुलीने कसं. मी म्हटलं, मुलगा दूर आहे, तुम्ही मंत्र म्हणा. अण्णांचं नाव ऐकून त्यांनी मंत्र सुरू केले. आणि मी मनातल्या मनात तुला जे बोलले ते कागदावर येण्यासारखं नाही. मी धरून चालले होते, की एवढं विनवूनही तू साधा फोनही केला नाहीस.

काल तुझी मेल आली. तू इतकं लांब कधी लिहिलं नव्हतंस. तुझंच तुला पुन्हा दाखवते, कारण मला ते पाठ झालंय. 'त्या रविवारी तू सांगितलंस तेव्हा फोन केला होता. तिने घेतला. मी म्हटलं, नमस्कार, मी आल्हाद बोलतोय. आई, मी आल्हाद. खूप बोललो. माफी मागितली. येऊ का विचारलं. ती एक शब्द बोलली नाही. श्वास ऐकू येत होता. मी थांबलो तेव्हा तिने हळूच फोन ठेवला. तिने तेव्हाही येऊ नको म्हटलं, म्हणून आलो नाही.'

अरे देवा, आल्हाद.

ती येऊ नको म्हणाली नाही रे. मशीनला ऐकू जात नाही, हे तिला मी शिकवलं होतं. महिनाभर रोज शिकवलं होतं. नुसतं ऐक आणि ठेवून दे. तू 'नमस्कार, मी आल्हाद बोलतोय' म्हणालास, रोज म्हणतोस तसं. फोन वाजला होता की आपण फिरवला होता, हे तिला तेव्हा कुठलं आठवायला? तू थांबेपर्यंत तिने सगळं ऐकून घेतलं, आणि तुला त्रास नको म्हणून हळूच ठेवला. आज कमळाबाईंना खोदून विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, रविवारी आजी फोन कानाला लावून हसू राहिल्या होत्या. डोळे पुसत होत्या अन् हसत होत्या. मला खुणेनं म्हणे, भांडी वाजवू नको." कमळाबाईंना त्यात नवीन काही वाटलं नाही, फोन तर रोजचाच.

मी त्या संध्याकाळी दिंडोरीहून आले. आई खुशीत होती. मला म्हणाली, "आज आल्हाद खूप बोलला. आज आई म्हणाला." मी दमले होते. बागेतून फिरून पाय दुखत होते. मला वाटलं डोकं भरकटलंय तिचं, होतं तसं कधीकधी. मी म्हटलं, हो का, छान.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने नंबर फिरवला. दोन्ही वेळा ऐकलं. पण फोन ठेवला नाही, माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "ह्यात आई म्हणत नाहीये. कालचं लाव." त्यानंतर रोज तेच, दिवाळीतही, दवाखान्यात नेलं त्या सकाळीसुद्धा. मी आधी हसून सांगितलं, मग वैतागून सांगितलं, की आई, तसं काही नाहीये त्यात, कधीच नव्हतं.

ती माझ्याशी वाद घालायची नाही. फोन मांडीवर ठेवायची आणि म्हणायची, "होतं गं. काल होतं."

ताई